पातळ कापडाची पिशवी

मिस्त्रींना कुठलीही वस्तू घाईनं निवडताना कुणी पाहिलं नव्हतं. लाकूड घ्यायला गेले की वखारीतला माणूस जेवून, डुलकी काढून यायचा, तरी यांची तिसरी फळी चालू असायची. आधी वास घ्यायचा, मग बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं, मग एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकायची आणि शेवटी नको म्हणायचं. लग्नाला मात्र ते पाच मिनिटांत हो म्हणाले होते. त्यांची बायको पुढे चाळीस वर्षं सांगायची, "मी माणूस होते म्हणून निभावलं. फळी असते तर परत पाठवली असती."

या बायकोला गल्ली मिस्त्रीणबाई म्हणायची. आपण नुसतं बाई म्हणू. बाईंना दोनच गोष्टींची आवड होती, बोलण्याची आणि स्वच्छतेची, आणि दोन्ही त्या एकाच वेळी करत.

फर्निचरच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून मिस्त्री घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, तर आठवड्याभरात मागच्या खोलीतला पलंग उचलून तिथे गोल करवत मांडली. महिन्याभरात रंध्याचं मशीन आलं, मग घासकागदाचं. खुर्च्या, स्टुलं, कपाटांचे खण अशी कामं दारावर येऊ लागली. घर म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि ही मागची खोली. तिच्या पलीकडे पत्रा टाकलेला अरुंद बोळ, आणि त्या बोळात मोरी, कपडे धुण्याचा दगड आणि बाईंचं बसायचं स्टूल.

मिस्त्रींनी लाकूड कापायचं आणि बाईंनी झाडायचं. ही वाटणी कुणी केली नव्हती, म्हणूनच ती मोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. काम करताना मिस्त्री नाकातोंडावर मुसकं बांधत. कारखान्यात फोरमननं दंडाची भीती घालून लावलेली सवय ती. संध्याकाळी करवत थांबली, की ते मुसकं काढून चहाला पुढे जात आणि बाई झाडू घेऊन मागे येत. बाईंना मुसकं लावलं तर बोलता आलं नसतं.

अशी सहा वर्षं गेली. एकदा लेक भेटायला आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि एका कचेरीत नोकरी करायची. आईला बाजारात घेऊन गेली आणि परत आली ती गंभीर होऊन.

"बाबा, आई पुलाच्या चढावर दोनदा थांबली. आणि तिचा तो खोकला कधीपासून आहे?"

"हवा बदलली ना आता," मिस्त्री म्हणाले.

"हवा तुमच्या मागच्या खोलीत बदललीय. एक तर धूळ बंद करा, नाही तर काम बंद करा. आईची छाती काही लोखंडाची नाही."

लेक बोलायची कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. मिस्त्रींना ते लागलं. काम बंद करणं म्हणजे सकाळी उठून भिंतीकडे बघत बसणं, आणि ते त्यांच्यानं झालं नसतं. राहिली धूळ. ती बंद करायची, तर धूळ ओढणारं यंत्र घ्यायचं. बाईंचा खोकला थांबवायचा म्हणून त्यांनी हे मनावर घेतलं, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. माणसाचा हेतू वाईट नव्हता. हेतूनं काय होतं, ते पुढे दिसेलच.

यंत्र निवडायला मिस्त्रींना तीन महिने लागले. पहिला महिना त्यांनी घरच्या झाडलोटीचं यंत्र कुणाकडून तरी मागून आणून वापरून पाहिलं. रंध्याचे लांब सालपे त्याच्या घशात अडकले आणि ते कोंडलेल्या मांजरासारखं ओरडून बंद पडलं. मग फोरमनचा सल्ला सुरू झाला. फोरमन निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी उंटावरून शेळ्या हाकायची त्याची हौस शाबूत होती. त्यानं एका पत्र्याच्या पिंपाला दोन नळ्या जोडून हवा गोल फिरवून धूळ खाली पाडायची युक्ती कागदावर काढून दिली. मिस्त्रींनी पिंप आणलं, नळ्या आणल्या, जोडलं. पहिल्याच दिवशी पिंप चेपलं. फोरमन म्हणाला, पिंपच हलकं होतं.

मग दुकानं. एका दुकानात फार सुरेख यंत्र होतं. त्याला कापडाच्या पिशवीऐवजी घड्याघड्यांचा जाड कागदी नळकांडं होतं. दुकानदार म्हणाला, "डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा यातून बाहेर पडत नाही." मिस्त्रींनी भाव विचारला आणि नमस्कार करून बाहेर आले. नाकापेक्षा मोती जड. आणि खरं सांगायचं तर, डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूसाठी कुणी एवढं मोजावं, हेही त्यांना पटलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी डोळ्याला दिसणाऱ्याच वस्तूंवर विश्वास ठेवला होता.

शेवटी बाजाराच्या टोकाचा यंत्रवाला भेटला. त्याच्याकडे मध्यम मोटरचं, खिशाला झेपेल असं यंत्र होतं. खाली कचऱ्याची पिशवी आणि वर हवा सोडणारी कापडाची पिशवी. वरची पिशवी दोन प्रकारची मिळे, पातळ कापडाची आणि जाड लोकरी कापडाची.

"फरक काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"जाड पिशवी बारीक धूळ धरते, पण ओढ जरा कमी होते."

मिस्त्रींनी खिशातून पुडी काढली. घरून भुसा आणि सालपे बांधून आणले होते. मूठभर जमिनीवर टाकून त्यांनी नळी समोर धरली. जाड पिशवीला दोन दम लागले. पातळ पिशवीला एकच, आणि जमीन चाटून पुसून साफ. फोरमनही सोबत आला होता. त्यानं मान डोलावली. "यंत्राची परीक्षा ओढीवर."

"पातळ पिशवीतून थोडं बारीक बाहेर येतं हं," यंत्रवाला म्हणाला. "शक्यतो यंत्र खोलीच्या बाहेर ठेवा."

"ठेवू की. मागे बोळ आहे," मिस्त्री म्हणाले.

भिंतीला भोक पाडून नळी पलीकडे नेली आणि यंत्र बोळात, मोरीच्या शेजारी उभं राहिलं. करवत चालू केली की पलीकडे वरची पिशवी फुगायची, गरगरीत, आणि खोलीत भुशाचा कण दिसेना. आवाजही भिंतीपलीकडे. मिस्त्री इतके खूश झाले की गिऱ्हाइकांना स्टूल दाखवायच्या आधी जमीन दाखवू लागले. "पंगतीला बसा खुशाल," ते म्हणायचे. गल्लीतल्या आणखी दोघा सुतारांनी त्यांच्या सल्ल्यानं तेच यंत्र घेतलं. लेक आली तेव्हा तिनंही खोलीत बोट फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदाच वडिलांच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंचं झाडणं सुटलं. पण बाई त्या बाई. घरात एक नवी वस्तू आली आणि ती मळते, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी दिसलं. वरची पिशवी आतून धुळीनं राखाडी झाली होती. त्यांनी ती काढली, बोळातल्या भिंतीवर धरली आणि गोधडी झोडपावी तशी काठीनं झोडपली. मग हे रोजचं झालं. रविवारी तर पिशवी साबणाच्या पाण्यात भिजवून, दगडावर आपटून, पिळून दोरीवर. सोमवारी ती नव्यासारखी दिसायची आणि मिस्त्री म्हणायचे, "बघ, धुतली की ओढ कशी वाढते." ओढ खरंच वाढायची. बाईंना त्या कौतुकाचं बरं वाटायचं. एरवी मिस्त्री कौतुक फक्त लाकडाचं करत.

खोकला थांबला नाही. आधी वाटलं, जुना खोकला आहे, जायला वेळ लागेल. मग वाटलं, थंडीमुळे असेल. बाईंचा आवाज बसला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली. त्या कपडे धुताना मध्येच स्टुलावर बसू लागल्या, आणि शेजारी यंत्र गुरगुरत असायचं. घरात एवढं यंत्र आहे म्हटल्यावर धुळीचं नावही कुणी काढेना. मिस्त्रींना काळजी नव्हती असं नाही. त्यांनी काढे आणले, वाफारे दिले, एकदा तर बाईंना दम लागू नये म्हणून धुण्याचा दगड उंच करून दिला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते याला.

वर्षभरानं लेकीनं आईला ओढतच छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. मिस्त्री बरोबर होते. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. मग विचारलं, घरात कबुतरं आहेत का, ओल आहे का, धंदा काय.

"लाकडाचं काम आहे," मिस्त्री म्हणाले, "पण धूळ नाही. यंत्र बसवलंय."

"यंत्रातली धूळ कुठे जाते?"

"पिशवीत."

"पिशवी कोण साफ करतं?"

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण हा प्रश्न त्यांना तीन महिन्यांत फोरमननं विचारला नव्हता, यंत्रवाल्यानं विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

"मीच," बाई म्हणाल्या. श्वास लागत होता, तरी आवाजात अभिमान होता. "रोज झटकते. रविवारी धुते."

डॉक्टर चांगला माणूस होता. रागावला नाही. म्हणाला, फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखायचं असेल तर बाईंनी आजपासून त्या घरात पाऊल टाकायचं नाही.

"मी काम बंद करतो," मिस्त्री म्हणाले. "आजच."

"करा. पण सात वर्षांची धूळ भिंतीत, पत्र्यात, गाद्यांत बसलेली असते. यांच्या छातीला आता चिमूटभरही पुष्कळ. लेकीकडे राहिल्या तर दोन-तीन वर्षं मिळतील. त्या घरात गेल्या, तर मी वर्षांत नाही, महिन्यांत बोलेन."

बाई तिथूनच लेकीकडे गेल्या. मिस्त्री एकटे घरी आले आणि बोळात जाऊन स्टुलावर बसले. दुपारची वेळ होती. पत्र्याला खिळ्याची भोकं होती आणि त्यातून उन्हाच्या बारीक काड्या खाली उतरल्या होत्या. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी उठून करवतीवर एक फळी घातली, यंत्र चालू केलं आणि पुन्हा बोळात येऊन बसले. रविवारी धुतलेली पिशवी फुगली. आणि त्या उन्हाच्या काड्यांत त्यांना दिसलं, की पिशवीच्या कापडातून चहूबाजूंनी धूर निघावा तशी धूळ बाहेर पडते आहे. ती खाली बसत नव्हती. बोळात नुसती तरंगत होती, माणूस बसला की जिथे नाक येतं, बरोबर तिथे. भिंतीच्या पलीकडे त्यांची खोली आरशासारखी लखलखीत होती.

दुसऱ्या दिवशी ते यंत्रवाल्याकडे गेले. भांडायलाच गेले होते.

"काका, पिशवी झटकायची नसते," यंत्रवाला म्हणाला. "आतून धुळीचा थर बसला ना, की तोच बारीक धूळ अडवतो. धुतली म्हणजे कापडाची भोकं मोकळी. मग काय, चाळणीच झाली ती."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही ओढ विचारलीत."

मिस्त्रींना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि मारायचीच तर सुरुवात दुसरीकडून करावी लागली असती. ते परत आले. पंधरा दिवसांत तिन्ही मशीनं विकून टाकली. यंत्र कुणाला विकायचं धाडस झालं नाही, ते हातोडीनं फोडून भंगारात दिलं. ज्या दोघा सुतारांनी त्यांचं ऐकून तसलंच यंत्र घेतलं होतं, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकांसमोर, त्यांनी झाला प्रकार सांगितला. एकानं ऐकलं. दुसरा म्हणाला, आमच्या हिला काही होत नाही.

मग मिस्त्रींनी घर धुवायला घेतलं. ओल्या फडक्यानं भिंती पुसल्या, पत्र्याच्या पन्हळी एकेक करून पुसल्या, गाद्या टाकून दिल्या. आज पुसावं तर उद्या खिडकीच्या चौकटीवर बोट उमटायचंच. चाळीस वर्षांत त्यांनी झाडू हातात धरला नव्हता. धरल्यावर त्यांना कळलं, की झाडणारा माणूस खाली वाकतो तेव्हा त्याचं तोंड कुठे असतं.

लेकीकडे ते दिवसाआड जायचे. लेकीनं नियम घातला होता, आणि तो योग्यच होता. दारातून थेट न्हाणीघर, अंघोळ, जावयाचे कपडे, मग आईजवळ. ढगळ सदऱ्यात मिस्त्री पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसत. बाईंच्या नाकाला नळी होती आणि कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र सुसकारे टाकत होतं. खोली सुरेख होती. धुतलेले पडदे, बंद खिडक्या, कुठे रेघभर धूळ नाही. लेक आईला पाण्याचा पेलाही उचलू देत नव्हती. पोरीनं काही कमी केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. बाई तिथे थोड्या सुधारल्याही. फक्त त्यांचं बोलणं गेलं. दम लागायचा म्हणून नव्हे. तिथे बोलायला विषयच नव्हता.

चौथ्या महिन्यात एक दिवस लेक आणि जावई कामावर गेले असताना बाईंनी विषय काढला.

"यंत्र घ्यायच्या आधी तुम्ही फोरमनला विचारलंत."

"हो."

"तीन दुकानदारांना विचारलंत. मला विचारलंत?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. ते माझ्या मोरीशेजारी नका ठेवू म्हणून." त्या थांबल्या, दोन श्वास घेतले. "इथे आणायच्या आधीही नाही विचारलंत. तिघं बसलात, ठरवलंत, आणलंत."

मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढून बाईंचा हात हातात घेतला. असलं काही करायची त्यांना सवय नव्हती.

"मग आता विचारतो. तुला काय हवंय?"

"घरी जायचंय."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंयस ना?"

"तुम्ही डॉक्टरांना विचारलंत की मला?"

नको म्हणायचं मिस्त्रींच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभर लाकडाला सहज म्हटलेला शब्द तो. पण विचारून झालं होतं, आणि विचारल्यावर उत्तर आपल्याला सोयीचंच यावं, असं म्हणणारा माणूस विचारतच नसतो. ते रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "सदरा जावयाचा आहे. नाक पुसू नका त्याला."

संध्याकाळी लेक आली तेव्हा आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तिनं आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"ही कुणाची अक्कल?"

बाई बोलायला श्वास गोळा करत होत्या. मिस्त्रींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पलीकडच्या धुतलेल्या पडद्यांकडे पाहिलं आणि त्या बोलायच्या आत म्हणाले, "माझी. मला एकट्याला होत नाही तिथे."

लेक खूप बोलली. कमी बोलणारी पोर ती, त्या दिवशी सगळा साठा काढला. जावयानं मध्ये पडून रिक्षा बोलावली.

बाई घरी पाच महिने जगल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकली होती. तिथून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाला त्या थांबवत, दोन शब्द, श्वास, दोन शब्द, अशा हप्त्यानं सगळ्या गल्लीची खबर घेत. मिस्त्री स्वयंपाक करू लागले होते. बाई खिडकीतून गल्लीला सांगत, की भाजीत मीठ मोजपट्टीनं मोजून घालतात. शेवटचे तीन आठवडे वाईट गेले. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. बुडणाऱ्या माणसाला काठावर बसून बघणं आणि ते, यांत फारसा फरक नव्हता. एका सकाळी चहा अर्धा ठेवून त्या गेल्या.

पंधरा दिवसांनी लेक आईचे कपडे न्यायला आली. तिनं घड्या घातल्या, बांधल्या. मिस्त्री मदतीला हात पुढे करत होते, ती ते कपडे त्यांच्या हातातून काढून घेत होती. शेवटी दारात उभी राहून म्हणाली, "एकदाच खरं सांगा बाबा. तुम्हाला एकट्याला होत नव्हतं म्हणूनच नेलंत ना तिला?"

एका वाक्याचं काम होतं. घरी यायचं तिनंच मागितलं, एवढं म्हटलं असतं तरी पोर पुन्हा वडिलांजवळ बसली असती. पण मग तिला हेही कळलं असतं, की तिनं जीव तोडून राखलेल्या त्या स्वच्छ खोलीत तिची आई दिवस मोजत होती, आणि दोन वर्षं तिच्याकडे राहण्यापेक्षा आईनं घरचे पाच महिने पत्करले.

"हो," मिस्त्री म्हणाले.

लेकीनं गाठोडं उचललं आणि ती गेली. त्यानंतर ती त्या घरी आली नाही.